हरल्या तरी आमच्याच!

पेण तालुक्यातले आमचे गागोदे बुद्रुक हे गाव बाहेरच्या लोकांना विनोबा भाव्यांचे जन्मगाव म्हणून ठाऊक आहे. खेळाचे म्हणाल तर आमच्या गावचा खेळ एकच, तो म्हणजे कबड्डी. भाताची झोडणी आटोपली की मोकळ्या शेतात रेषा आखल्या जातात आणि रात्री बल्ब लावून सामने रंगतात. साऱ्या रायगड जिल्ह्याची हीच तऱ्हा आहे. हॉकीची खरी काठी मात्र आम्ही आमच्या गावात कधी पाहिली नाही. लहानपणी माडाच्या झावळीचा देठ घेऊन आणि चिंध्यांचा चेंडू करून आम्ही दोन दिवस हॉकी खेळलो होतो. तिसऱ्या दिवशी एकाच्या नडगीला लागले आणि आमची हॉकी कायमची संपली.

तरीही आम्ही हॉकीचे वेडे! कचेरीत सहकारी क्रिकेटच्या गोष्टी करतात, तेव्हा आम्ही पेपरच्या मागच्या पानावर कोपऱ्यात हॉकीची दोन बोटांची बातमी शोधत असतो. "तुम्हाला यात काय दिसते हो?" असे आम्हाला नेहमी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुष्कळ वर्षे देऊ शकलो नाही. ते आम्हाला सापडले २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात, आणि सापडले तेव्हा आमचीच मान खाली गेली. ती हकिकत आज वाचकांपुढे मांडायची आहे.

धनराजचे वेड

आमच्या वेडाची सुरुवात धनराज पिल्लेपासून झाली. १९९८ साली आम्ही बी.कॉम. करीत होतो. डिसेंबरात बँकॉकला एशियाड भरले होते. अंतिम सामन्यात आपल्या संघाने दक्षिण कोरियाला पेनल्टीवर हरवले आणि ३२ वर्षांनी एशियाडचे सुवर्णपदक मिळवले. कप्तान होता धनराज. शेजारच्यांच्या टीव्हीसमोर आम्ही वीस-बावीस जण दाटीवाटीने बसलो होतो. तो चेंडू घेऊन धावू लागला की मागे उडणारे त्याचे ते लांब केस अजून आमच्या डोळ्यांपुढे आहेत.

पुढे त्याच्याविषयी वाचत गेलो तसा तो अधिकच जवळचा वाटू लागला. धनराज पुण्याच्या खडकीचा. घर तमिळ, पण वाढला महाराष्ट्राच्या मातीत. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानावर देखभालीचे काम करीत. नवी काठी घ्यायला पैसे नसत, म्हणून ही भावंडे मोडक्या काठ्या चिकटवून आणि दोरीने बांधून खेळली. थोरला भाऊ मुंबईत आर.सी.एफ. कंपनीच्या संघाकडून खेळत असे. त्याच्यामागून धनराज मुंबईला आला. याच आर.सी.एफ.चा कारखाना आमच्या जिल्ह्यात अलिबागजवळ थळला आहे. एवढ्याशा धाग्यावर आम्ही ठरवून टाकले की धनराज आमचाच!

धनराज चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. पण सुवर्ण घेऊन आल्यावर त्याच्या वाट्याला काय आले? खेळाडूंना मिळणाऱ्या पैशांबद्दल आणि वागणुकीबद्दल तो उघड बोलला. पुढच्याच मालिकेतून त्याच्यासह अनेकांना बाहेर ठेवले गेले. अधिकारी म्हणाले, विश्रांती दिली आहे! आम्ही त्याची कात्रणे जुन्या खतावणीच्या वहीत चिकटवीत होतो. त्या दिवशी कात्रण चिकटवताना प्रथमच जाणवले, की या खेळात जमेची बाजू प्रेक्षकांची आणि खर्चाची बाजू खेळाडूंची आहे.

असाच आणखी एक दाखला २०११ सालचा. आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला पेनल्टीवर हरवून आपला संघ चीनहून परतला. त्यात मुंबईच्या मरीन लाइन्सचा युवराज वाल्मीकी होता. ज्या घरात तो वाढला, त्या घरात वीज नव्हती. मुंबईसारख्या शहरात, मरीन लाइन्सला! विजयाचा गाजावाजा झाला, वर्तमानपत्रांत फोटो आले, तेव्हा कुठे त्या घरात दिवा लागला. त्या विजयाबद्दल हॉकीच्या संघटनेने प्रत्येक खेळाडूला २५ हजार रुपये देऊ केले आणि खेळाडूंनी ते नाकारले. आमच्या घरीही मेणबत्तीच्या उजेडात अभ्यास झालेला आहे. त्यामुळे त्या घरातला पहिला दिवा आम्हाला आमच्या घरातला वाटला.

आमच्यासारख्या घरांतल्या मुली

मुलींच्या संघाकडे मात्र आम्ही उशिरा वळलो, हे कबूल केले पाहिजे. २०१६ साली रिओ ऑलिंपिकला आपल्या मुली ३६ वर्षांनी पात्र ठरल्या आणि बारा संघांत शेवटच्या आल्या. आम्ही पेपर घडी करून ठेवला. पुढे आमची मुलगी शाळेत कबड्डी खेळू लागली आणि तिच्याबरोबर आम्हीही मुलींचे सामने पाहू लागलो.

पाहता पाहता या संघातली एकेक मुलगी ओळखीची झाली. कप्तान राणी रामपाल हरियाणातल्या शाहाबादची. वडील गाडा ओढून दिवसाला ८० रुपये मिळवीत. शिबिरात रोज अर्धा लिटर दूध आणायची सक्ती होती आणि घरी परवडत होते २०० मिलिलिटर. राणी त्यात पाणी मिसळून पीत असे. सोनिपतची नेहा गोयल, आई सायकलच्या कारखान्यात कामाला. त्याच सोनिपतची निशा वारसी, वडील शिंपी. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली सलीमा टेटे, जिचे ऑलिंपिकचे सामने पाहायला तिच्या घरी टीव्हीही नव्हता. मिझोरामची लालरेमसियामी, जिचे वडील २०१९ साली हिरोशिमाच्या स्पर्धेत ऐन उपांत्य सामन्याच्या तोंडावर गेले आणि तरीही जी संघाबरोबर थांबून खेळली. मणिपूरची सुशीला चानू तर आमच्याच मध्य रेल्वेत नोकरीला! ज्या रेल्वेने आम्ही पेणहून पनवेलला जातो, तिची नोकरदार मुलगी देशासाठी खेळते आहे, याचे आम्हाला फार अप्रूप वाटे.

आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादची वंदना कटारिया. वडील भेल कंपनीत कामगार. मुलीने खेळू नये असे म्हणणारे गावात पुष्कळ होते, पण हा बाप मुलीमागे उभा राहिला. २०१३ साली ज्युनियर विश्वचषकात भारताला ब्राँझ मिळाले, तेव्हा आपल्या संघातर्फे सर्वांत जास्त गोल वंदनाने केले होते. मे २०२१ मध्ये ते वडील वारले. वंदना तेव्हा बंगळुरूला ऑलिंपिकच्या शिबिरात होती. करोनाचे दिवस होते. तिला वडिलांचे अंत्यदर्शनही मिळाले नाही.

या खेळात गरिबाची मुले का मागे पडतात, हेही येथे सांगितले पाहिजे. पूर्वी हॉकी गवतावर होत असे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून ती कृत्रिम हिरवळीवर खेळू लागले आणि त्याच ऑलिंपिकमध्ये आपला संघ सातवा आला. असे एक मैदान करायला कोट्यवधी रुपये लागतात आणि सामन्याआधी त्यावर पाणी मारावे लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात आयाबाया हंडे घेऊन वणवण करतात, तिथे मैदान भिजवायला पाणी कोण देणार? तेव्हा ज्या मुली असल्या गावांतून निघून त्या हिरवळीवर पोहोचल्या, त्या अर्धा सामना आधीच जिंकून आल्या होत्या, असे आम्ही समजतो.

टोकियोचे दिवस

२०२१ च्या जुलैत आमच्या जिल्ह्यावर आभाळ कोसळले होते. २२ जुलैला महाड तालुक्यात तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाड शहर पुरात बुडाले. कोणाचे कशात मन लागत नव्हते. करोनामुळे आमची कचेरी निम्म्या हजेरीवर चालू होती, म्हणून घरी राहण्याची पाळी येई. त्याच दिवसांत टोकियोला ऑलिंपिक सुरू झाले.

आपल्या मुली पहिले तीन सामने हरल्या. नेदरलँड्सने पाच गोल चढवले, मग जर्मनी, मग ब्रिटन. आम्ही टीव्ही बंद केला. मुलगी म्हणाली, "पप्पा, अजून दोन मॅच आहेत." आम्ही म्हणालो, "कशाला बघायच्या?" ती एकटीच बघत बसली.

आयर्लंडला त्यांनी एका गोलने हरवले. ३१ जुलैला दक्षिण आफ्रिकेशी सामना झाला. चौथ्या मिनिटाला वंदनाने गोल केला, सतराव्या मिनिटाला दुसरा आणि एकोणपन्नासाव्या मिनिटाला तिसरा. सामना ४-३ असा जिंकला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी वंदना ही पहिली भारतीय महिला ठरली. दोन महिन्यांपूर्वी बाप गेलेली मुलगी होती ती!

२ ऑगस्टला गाठ पडली ऑस्ट्रेलियाशी. गुरजीत कौरने बाविसाव्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. उरलेला सारा वेळ गोलरक्षक सविता पुनिया भिंतीसारखी उभी राहिली. बलाढ्य ऑस्ट्रेलिया १-० अशी हरली आणि आपल्या मुली प्रथमच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेल्या. आता टीव्ही आम्हीच लावला होता आणि आवाजही आम्हीच मोठा केला होता. "आमच्या मुली! आमच्या मुली!" असे ओरडत आम्ही अंगणात आलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही ऐकू गेले.

४ ऑगस्टला दुपारी साडेतीनला अर्जेंटिनाशी उपांत्य सामना. दुसऱ्याच मिनिटाला गुरजीतने गोल केला. पण मग अर्जेंटिनाने दोन गोल केले. शेवटच्या पंधरा मिनिटांत आपल्या मुली जिवाच्या आकांताने धावत होत्या. एकीच्या हातून पास चुकला, चेंडू रेषेबाहेर गेला. आणि आमच्या तोंडून शब्द गेले, "ह्या पोरींना काही जमायचं नाही! घरी बसवा ह्यांना!" याहून वाईट एक शब्दही गेला. तो येथे लिहवत नाही.

सामना १-२ असा गेला. घरात शांतता झाली. अकरा वर्षांची आमची मुलगी आमच्याकडे न बघता म्हणाली, "मी हरले की तुम्ही मलापण असंच बोलणार का?"

आम्ही काही बोललो नाही. मुलांच्या आईने चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

रोशनाबादची बातमी

दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्टला, सकाळी पुरुषांच्या संघाने जर्मनीला ५-४ असे हरवून ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवले. शेवटच्या क्षणी श्रीजेशने पेनल्टी कॉर्नर अडवला. आम्ही पेढे आणायला निघालोच होतो, इतक्यात मोबाइलवर दुसरी बातमी आली. मुली उपांत्य सामना हरल्यावर रोशनाबादला वंदनाच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजवले, नाच केला आणि घरच्यांना जातीवरून शिवीगाळ केली. संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो, असे ते म्हणत होते! वंदनाच्या भावाने पोलिसांत तक्रार दिली, अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला आणि अटकही झाली.

बातमी वाचून अंगाची आग झाली. आदल्याच आठवड्यात जिने तीन गोल केले, बापाचे दुःख गिळून जी देशासाठी खेळली, तिच्या घरासमोर फटाके! आणि ती स्वतः तिकडे टोकियोत, ब्राँझच्या सामन्याची तयारी करीत असलेली!

करोनामुळे समाजमंदिरात जमता येत नव्हते. संध्याकाळी आमच्या ओटीवर पाच-सहा जण बसले. तरुण मुले तापली होती. "वंदना आपली आहे," एक जण म्हणाला. "निषेधाचं पत्रक काढू," दुसरा म्हणाला. मजकूर लिहायचे काम अर्थातच कारकुनाकडे, म्हणजे आमच्याकडे आले. आम्ही कागद पुढे ओढला आणि लिहू लागलो.

कोपऱ्यात शेजारच्या आजी बसल्या होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. उभी हयात भाताच्या लावणीत गेली. त्यांनी विचारले, "बाळा, ही पोर आपली, हे तुला कधी कळलं?"

"आज, बातमी वाचून," आम्ही म्हणालो.

"म्हंजे काल दुपारपावेतो ती आपली नव्हती? काल हरल्या तवा तूच नाय का वरडत होतास, ह्यांना घरी बसवा म्हणून? भिंतीपल्याड मला ऐकू आलं. त्यांत ही पोर पण व्हती ना?"

आमचा हात थांबला. तरुण मंडळी आमच्याकडे पाहू लागली. मुलगी दाराआड उभी होती, तिने सारे ऐकले.

वाचकहो, येथे गल्लत होता कामा नये. रोशनाबादला जे झाले तो गुन्हा आहे. जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा झालीच पाहिजे. संतापाच्या भरात आमच्या तोंडून गेलेला शब्द आणि ठरवून एखाद्याच्या दारात केलेला तो नाच यांना एका तराजूत घालणे बरोबर नाही. आमच्या शब्दाने कोणाच्या दारात भीती उभी राहिली नव्हती. आजींनीही तसे म्हटले नव्हते. पण त्यांनी बोट ठेवले ते नेमक्या दुखऱ्या जागी. जिंकली की आमची आणि हरली की 'ह्या पोरी', ही वृत्ती आमच्यात होतीच. आणि दुसरे असे, की अपमान झाल्यावर, जात कळल्यावर, मग आमचे प्रेम जागे झाले होते. तोपर्यंत ती अकरा जणींतली एक होती, आणि त्या अकरा जणींना आम्ही घरी बसवायला निघालो होतो.

पळवणकर बाळूंचा चहा

त्या रात्री आम्हाला पळवणकर बाळू आठवले. आपल्या समाजमंदिरांतून त्यांची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. चर्मकार घरात जन्मलेले बाळू पुण्याच्या क्लबात मैदानाची कामे करीत करीत गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकता येत नव्हते. पण मैदानावर ज्यांच्याबरोबर खेळले, त्यांच्या पंगतीत त्यांना जागा नव्हती. चहा बाहेर, आणि तोही मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी कप्तानपद त्यांना कधी दिले गेले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना, १९२३ साली.

बाळूंच्या गोलंदाजीवर टाळ्या वाजवणारे हजारो प्रेक्षक असतील. त्यांतल्या किती जणांना त्या मातीच्या भांड्याची लाज वाटली असेल? बळी हवा होता, माणूस नको होता. शंभर वर्षांनी वंदनाच्या बाबतीत हेच झाले. गोल हवा होता आणि तो मिळेपर्यंत जात कोणाला आठवली नाही. हरल्याबरोबर ती पहिल्यांदा आठवली.

म्हणून आम्हाला वाटते की खेळाडूवरचे प्रेम विजयाच्या दिवशी कळत नाही. त्या दिवशी सारेच नाचतात. ते कळते हरल्याच्या दिवशी. बाबासाहेबांनी बंधुभावाला राज्यघटनेच्या उद्देशिकेत जागा दिली. त्या बंधुभावाची परीक्षा मोठमोठ्या सभांतूनच होते असे नाही. ती टीव्हीसमोर, चेंडू रेषेबाहेर गेल्यावर तोंडून कोणता शब्द निघतो, तिथेही होते.

कॅलेंडरच्या पाठीवरची नावे

निषेधाचे पत्रक आम्ही लिहिलेच. पण त्या रात्री मुलीने आणखी एक काम केले. जुन्या कॅलेंडरचे पान उलटे करून तिने त्यावर साऱ्या संघाची नावे लिहायला घेतली. आम्ही जेमतेम सहा सांगू शकलो. पंचवीस वर्षांचे हॉकीचे वेड आणि ठाऊक नावे सहा! बाकीची मोबाइलवर शोधून तिने लिहिली. सविता, दीप ग्रेस एक्का, निक्की प्रधान, गुरजीत, उदिता, निशा वारसी, नेहा, सुशीला चानू, मोनिका, नवजोत, सलीमा, राणी, नवनीत, लालरेमसियामी, वंदना, शर्मिला. राखीवातल्या रीना खोखर आणि नमिता टोप्पोही तिने सोडल्या नाहीत. हरियाणा, पंजाब, झारखंड, ओडिशा, मणिपूर, मिझोराम, उत्तराखंड. शेतकऱ्याची, शिंप्याची, कामगाराची मुलगी. हिंदू, शीख, मुसलमान, ख्रिस्ती, आदिवासी, दलित. आजींना वाचून दाखवताना 'लालरेमसियामी'वर मुलीची जीभ तीनदा अडखळली. आजी म्हणाल्या, "परत वाच. पोरीचं नाव नीट घ्यावं."

६ ऑगस्टला सकाळी सातला ब्रिटनशी ब्राँझचा सामना होता. ओटीवरची सारी मंडळी टीव्हीपुढे होती, आजीसुद्धा. सुरुवातीला आपण दोन गोलने मागे पडलो. कोणी शब्द काढला नाही. मग गुरजीतने लागोपाठ दोन गोल केले आणि मध्यंतराच्या आधी वंदनाने तिसरा! ज्या मुलीच्या घरासमोर दोन दिवसांपूर्वी फटाके फुटले, तिनेच संघाला ३-२ असे पुढे नेले. पुढे ब्रिटनने दोन गोल केले आणि सामना ३-४ असा हातचा गेला. आपला चौथा क्रमांक आला. मैदानावर मुली ओक्साबोक्शी रडत होत्या. आमच्या ओटीवर टाळ्या वाजत होत्या. पहिली टाळी कोणी वाजवली ते आम्हाला ठाऊक नाही, पण ती आमची नव्हती, हे खरे आहे. दुसरी मात्र आमची होती.

त्यानंतर

वंदनाला २०२१ साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली पद्मश्री. २०२३ साली रांचीत ती ३०० आंतरराष्ट्रीय सामने पूर्ण करणारी पहिली भारतीय महिला झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच रांचीत पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेपूर्वी तिच्या गालाचे हाड मोडले आणि तिला बाहेर बसावे लागले. आपला संघ जपानकडून एका गोलने हरला आणि पॅरिसला जाऊ शकला नाही. टोकियोच्या वेळी 'आमच्या मुली' म्हणणारे तेव्हा फारसे कोणी दिसले नाही. आमच्या घरात मात्र कॅलेंडरचे ते पान भिंतीवर होते. १ एप्रिल २०२५ ला वंदनाने निवृत्ती जाहीर केली. तोवर तिचे ३२० सामने आणि १५८ गोल झाले होते. मुलीने पानावर तिच्या नावापुढे हे आकडे लिहून ठेवले आहेत.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या मुलीही या संघात येऊ लागल्या आहेत. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या शेतकऱ्यांच्या मुली भारताच्या संघातून खेळल्या. उद्या आपल्या वस्तीतली एखादी जाईल. ती जाण्याआधी आपण एक ठरवायला हवे, की ती हरून परत आली तर दारात तिला काय ऐकायला मिळेल?

घराघरांतून मुली कबड्डी, खो-खो खेळत आहेत, धावत आहेत. त्यांना मैदानावर पाठवा, त्यांच्या बुटांसाठी चार पैसे बाजूला काढा, हे तर आम्ही सांगूच. पण त्याहून एक सोपी गोष्ट करता येईल. घरी सामना पाहताना तोंड सांभाळा. मुले सामन्याबरोबर आपल्याकडेही पाहत असतात. परक्याच्या मुलीला हरल्याबद्दल जो शब्द आपण वापरतो, तो आपली मुलगी आपल्या नावावर जमा करून ठेवते. पुढे ती खेळायचे सोडते आणि आपण म्हणतो, तिला आवडच नव्हती!

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलीचा शाळेचा संघ तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. शेवटच्या चढाईत तिचीच पकड झाली. संध्याकाळी ती घरी आली, गुडघा सोललेला, डोळे लाल. दप्तर ठेवले आणि आमच्याकडे न बघता भिंतीशी बसली. चार वर्षांपूर्वीचा तिचा प्रश्न आम्हाला आठवला. तिलाही आठवला असावा.

आम्ही हळद लावायला बसलो आणि विचारले, "भूक लागली असेल ना?"

"लागल्ये," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने आपणच सांगू लागली, ती चढाई कशी झाली, पकड कुठे बसली आणि पुढच्या वर्षी पाय कसा काढून घ्यायचा ते.